तळघरात ओटीपी येत नाही

पत्रक कसं लिहायचं हे मला मजुरांच्या संघटनेत शिकवलं. एक पान, एक मागणी, एक शत्रू. दुसरी मागणी घातली की लोक दोन्ही विसरतात. दुसरा शत्रू घातला की पहिला सुटतो. वीटभट्टीवरच्या मजुरीपासून आदिवासी वाडीच्या पाण्यापर्यंत मी अशी पत्रकं लिहिली, पनवेलच्या एसटी स्टँडवर वाटली, आणि त्यात वडे बांधून नेणारी माणसंही पाहिली. वाचून बांधले असतील तर माझी हरकत नाही.

ताईच्या सायबर कॅफेसाठी इंटरनेटची लाइन निवडायची वेळ आली तेव्हा मी हीच रीत लावली. मागणी एक: वेगवान लाइन. मग शत्रू शोधायला निघाले. तो फार लांब नव्हता. इमारतीच्या जिन्याखालीच त्याचं लोखंडी कपाट होतं.

पण आधी ताईचं सांगायला हवं, नाहीतर ही नुसती वायरींची गोष्ट होईल.

आमचं घर उरणकडचं, कोळीवाड्यातलं. ताईनं सासर सोडलं आणि माहेरी आली. का सोडलं ते तिचं ती सांगेल. आमच्याकडे हा प्रश्न विचारणारे पुष्कळ आहेत, उत्तर ऐकून घेणारं कुणी नाही. ती आल्यावर सासरची चार माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसली, आणि बाबांनी चहा संपायच्या आत शब्द देऊन टाकला. पोरीनं पनवेलला गाळा घेतलाय, करार अकरा महिन्यांचा आहे. तोवर तिला करू दे काय करायचं ते. धंदा लागला तर ठीक, मग मी मधे पडणार नाही. नाही लागला तर मी स्वतः तिला आणून सोडतो.

ताई आतच होती, मासळी साफ करत. तिला कुणी बाहेर बोलावलंसुद्धा नाही. मी मधे तोंड घातलं तर बाबा म्हणाले, तुझी भाषणं स्टँडवर. ताई दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पनवेलला गेली आणि गाळ्याला रंग मारायला लागली.

म्हणजे एका बाईनं नांदायला जायचं की नाही हे एका दुकानावर ठरणार होतं, आणि दुकान एका लाइनवर. मला तेव्हाही चीड आली होती, आता लिहितानाही येते.

धंदा तिला नवा नव्हता. लग्नाआधी ती पनवेलच्याच तहसील कचेरीजवळच्या एका एजंटकडे कामाला होती. दाखले, रेशन, शिष्यवृत्ती, सगळे ऑनलाइन अर्ज तीच भरायची. तिथं कॉम्प्युटरचं तोंड एजंटकडे आणि पाठ गिऱ्हाइकाकडे. वाडीवरून आलेला माणूस पडद्याची काळी पाठ बघत तासभर उभा राहणार आणि शेवटी विचारणार, झालं का? तिच्या डोक्यात एवढंच होतं की आपल्या दुकानात पडदा गिऱ्हाइकाकडे वळवायचा. आपला अर्ज आपल्या डोळ्यांसमोर भरला गेला पाहिजे. मला हे कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा बरं वाटलं. वाडीवरची माणसं मी पाठवीन, असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं.

गाळा परवडेल असाच होता. बाजारातली जुनी इमारत, आणि गाळा तिच्या पोटात, पायऱ्या उतरून खाली. छताशी एक झडप होती, तिच्यातून गल्लीतली फक्त पावलं दिसायची. जवळच सुक्या मासळीची दुकानं. इतर भाडेकरू नाक धरून जायचे, ताई म्हणायची, बरं वाटतं, घरात असल्यासारखं.

आता लाइन.

मी तीन ठिकाणी चौकशी केली. खरं तर तीस ठिकाणी केली असती, मला बसवत नव्हतं. गाळ्यात दहा मिनिटं बसले की वाटायचं आपण करार जाळतोय. सगळ्या कंपन्यांची जाहिरातपत्रकं गोळा केली आणि कारागीर दुसऱ्याचं काम बघतो तशी वाचली. अक्षर मोठं कुठं, बारीक कुठं, चांदणी कुठल्या शब्दावर. वर्षाची लाइन घेतली तर स्वस्त, मधे सोडली तर पैसे बुडाले, हे बारीक अक्षरातलं मी ताईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, कळलं, शेजारच्यांना कशाला?

पहिला आला सिमकार्डवर चालणाऱ्या डब्याचा विक्रेता. वायर नको, खोदकाम नको, नुसता डबा ठेवायचा. त्यानं डबा टेबलावर ठेवला, दिवा लाल. कपाटावर ठेवला, लाल. खुर्चीवर उभा राहून झडपेशी धरला तेव्हा एकदा पिवळा झाला आणि त्याचा हात दुखून खाली आल्यावर पुन्हा लाल. बिचारा घामाघूम झाला. शेवटी म्हणाला, "मॅडम, तुमच्या गाळ्यात नेटवर्कच नाही हो." मी हसले आणि यादीतून त्याला खोडलं. हे वाक्य आम्ही दोघींनीही ऐकलं आणि त्याचा अर्थ एवढाच घेतला की हा डबा नको.

दुसरी एक मोठी कंपनी, फायबरवाली. लाइन उत्तम, पण इमारतीच्या कमिटीची परवानगी हवी. कमिटी म्हणाली परवानगी देता येत नाही, कारण या इमारतीत शेठची लाइन आहे.

हा तिसरा. शेठ म्हणजे आमच्या त्या गल्लीतला केबलवाला. पनवेलमध्ये ज्याच्याकडे दोन माणसं कामाला आहेत तो शेठ, पण हा खरोखरच शेठ होता. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवरून त्याच्याच वायरी गेलेल्या. जिन्याखाली, अगदी रस्त्याला लागून, एक खोबण होती, जाळीचं दार लावलेली. तिथं त्याचं यंत्रांचं कपाट. ती जागा कमिटीनं त्याला वापरायला दिली होती, आणि बदल्यात कमिटीच्या घरी टीव्ही फुकट असावा असा माझा संशय होता. पुरावा नव्हता म्हणून पत्रकात घातलं नाही.

त्याच्या ऑफिसात गेले. मी विचारलं की दुसऱ्या कंपनीला का अडवता?

"या बिल्डिंगमध्ये आमचीच लाइन चालते."

"कुणी ठरवलं?"

"चालते ना?" तो म्हणाला. "मग."

मला तेवढं पुरलं. ताईनं सांगितलं होतं की आधी भाव विचार, मग भांड. मी भाव विचारलाच नाही. घरी जाऊन पत्रक लिहिलं. मथळा: जिना सगळ्यांचा, वायर एकाचीच का? खाली एक मागणी: भाडेकरूला हवी ती लाइन घेऊ द्या. एकच पान. ताईनं वाचलं आणि म्हणाली छान आहे, आता फाडून टाक. मी छापलं. घरोघरी सरकवलं, गल्लीत वाटलं, आणि एक शेठच्या कपाटाच्या जाळीलाच डकवलं. तेवढं नसतं केलं तरी चाललं असतं, पण ती जाळी पत्रकासाठीच केल्यासारखी होती.

आणि आम्ही जिंकलो. असं होत नाही सहसा, म्हणून नोंदवते. वरच्या मजल्यावरच्या बायकांनी पत्रक वाचलं होतं. त्यांनी कमिटीला जिन्यातच गाठून विचारलं की खरंच का हो, आम्हाला दुसरी लाइन घेता येत नाही? कमिटीनं गडबडीनं ठराव केला. आठवड्याच्या आत फायबरवाल्या कंपनीची माणसं वायर घेऊन गाळ्यात उतरली. डब्यावर हिरवा दिवा लागला. वेग मोजायच्या पानावर काटा असा सुटला की ताईनं टेबलाला हात धरला. वर्षाची लाइन घेतली. पेढे आणले, एक शेठच्या ऑफिसातही पाठवू या म्हटलं तर ताईनं माझ्याकडे बघितलं नुसतं.

पहिले काही दिवस कॉलेजची पोरं आली. प्रिंट, बायोडाटा, परीक्षेचं हॉलतिकीट. पडदा त्यांच्याकडे वळवलेला होता, त्यांना त्याचं काही वाटलं नाही, ती मोबाइलकडेच बघत होती. मग वाडीवरची एक बाई आली. मीच पाठवलेली. तिचं कुटुंब दर हंगामात वीटभट्टीवर जातं. पोरगी सातवीत, तिला वसतिगृहात घालायची तर जातीचा दाखला हवा. बाईनं कागद पदराच्या आत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरडे ठेवलेले. ताईनं तिला खुर्चीवर बसवलं, पडदा दाखवला. बाई आधी खुर्चीच्या कडेवर बसली, मग पोरीचं नाव पडद्यावर आलं तशी नीट बसली.

"म्याडम, हीच का माझी पोर?"

"मॅडम नको, ताई म्हणा. हीच. नाव बरोबर हाय ना बघा."

मग ताई म्हणाली, आता तुमच्या फोनवर एक नंबर येईल, तो मला दाखवा. बाईनं बटणांचा फोन काढून मांडीवर ठेवला. आम्ही तिघी त्या फोनकडे बघत बसलो. काही येईना. पडद्यावर सेकंद उलटे मोजले जात होते. वेळ संपली, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा केला. पुन्हा संपली. ताईनं फोन हातात घेतला आणि तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला. फोनवर नेटवर्कची एकसुद्धा काडी नव्हती.

पनवेलमध्ये इंटरनेटची इतकी वेगवान लाइन क्वचित कुणाकडे असेल, आणि तिच्यावर एक अर्ज जात नव्हता. कारण अर्जाचं कुलूप वायरीतून उघडत नाही, फोनवर आलेल्या ओटीपीनं उघडतं. आणि फोन तळघरात वाजत नाही. स्मार्टफोनवाल्या पोरांना हे कळलंही नव्हतं, त्यांचं सगळं वायफायवर चाललेलं. अडकणार होती ती बटणाच्या फोनवाली माणसं. म्हणजे ज्यांच्यासाठी दुकान काढलं तीच.

ताई एजंटकडे होती तेव्हा टपरी रस्त्यावर होती. ओटीपी यायचा, कुणी त्याचा विचारही करायचं नाही. जसा आपण हवेचा करत नाही.

मी बाईला म्हटलं वर गल्लीत जा, आला की सांग. ती वर गेली. आला. पण तिला आकडे वाचता येत नव्हते. तिनं नारळवाल्याला दाखवला. नारळवाला झडपेशी वाकून ओरडला, "पाच, शून्य, आठ... नाही नाही, हा तीन वाटतो. चष्मा नाही हो." त्याच्या बाजूला उभ्या गिऱ्हाइकानं फोन घेतला आणि त्यानं ओरडून सांगितला. मग दोघांत वाद. तोपर्यंत खाली वेळ संपली.

त्या संदेशात लिहिलेलं असतं की हा क्रमांक कुणालाही सांगू नका. इकडे अर्धा बाजार तो पाठ करत होता. मी संतापले. नारळवाल्यावर नाही, तो चांगुलपणानं करत होता. ज्यांनी कुठल्या तरी गार खोलीत बसून ठरवलं की गरिबाच्या पोरीचा दाखला ओटीपीशिवाय निघणार नाही, त्यांच्यावर. फोन एकच, तो नवऱ्याबरोबर भट्टीवर गेला तर? रिचार्ज संपला तर? वाचता येत नसेल तर? पण हे पत्रक मी मनातच लिहीत होते आणि ती बाई पायऱ्यांवर उभी राहून विचारत होती की ताई, आता जाऊ का मी, एसटी सुटंल.

दाखला झाला नाही. ती परत येते म्हणाली. दोन दिवसांनी मी तिला त्या जुन्या एजंटच्या टपरीवर उभी पाहिली, पडद्याच्या काळ्या पाठीकडे बघत. मला बघून ती ओशाळली. ओशाळायला हवं होतं ते मी.

ताईनं उपाय काढले. तिनं घरून एक टोपली आणली, तिला दोरी बांधली, दोरी झडपेच्या गजावरून घेतली. फोन टोपलीत ठेवायचे, वर ओढायचे, ओटीपी आला की खाली. विहिरीतून पाणी काढावं तसा आम्ही ओटीपी काढत होतो, फक्त उलटा. पोरांना गंमत वाटली, त्यांनी व्हिडिओ काढले. पण टोपलीत तीन फोन असले की टिंग कुणाचं झालं ते कळायचं नाही. आणि वाडीवरची माणसं फोन टोपलीत ठेवायलाच तयार नसत. एक म्हातारा म्हणाला, याच्यावर मुकादम बोलवतो कामाला. गल्लीतून कुणी हात घालून उचलला तर मी काय खाऊ? तो बरोबर होता.

नेटवर्क वाढवायचं यंत्र मिळतं असं कुणी सांगितलं. चौकशी केली तर परवान्याशिवाय लावणं बेकायदा. ताई लॅपटॉप घेऊन जिन्यात बसली तर कमिटीचा निरोप आला, जिन्यात बसायचं नाही, येण्याजाण्याची वाट आहे. तेही खोटं नव्हतं. मी फायबर कंपनीच्या तक्रार नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीनं फार गोड आवाजात विचारलं की लाइन बंद आहे का? नाही. वेग कमी आहे? नाही. मग आपली तक्रार काय आहे?

तेच तर. ज्याची तक्रार करावी असा माणूसच नव्हता. लाइन उत्तम होती. मला आयुष्यात इतकं कासावीस कधी वाटलं नव्हतं. शत्रू असला की मला झोप लागते.

खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. करार संपत आला होता. बाबा दर काही दिवसांनी ताईला फोन करत, तो अर्थातच खाली लागत नसे, मग मला करत. काय चाललंय? मी म्हणे, जोरात. ते म्हणत, मग ती फोन का नाय उचलत? मी काय सांगणार होते, की जोरात चाललेलं दुकान जमिनीखाली आहे?

एका सकाळी मी आले तर ताई गाळ्यात नव्हती. जिन्याखालच्या त्या खोबणीजवळ उभी होती, शेठच्या जाळीला पाठ लावून, हातात फोन. तिनं तो माझ्यासमोर धरला. काड्या सगळ्या भरलेल्या.

"इथं येतो," ती म्हणाली.

जाळीच्या आत, कपाटाच्या बाजूला, एक टेबल आणि दोन स्टुलं मावतील एवढी जागा. विजेचं बटण आहे. रस्ता समोर. कुणाच्या वाटेत नाही. आणि जागा शेठच्या हातात, कपाटासाठी मिळालेली. त्याची लाइन घेतली तर त्याच्या कपाटाशेजारी टेबल टाकायला तो नाही म्हणणार नाही, असा तिचा हिशोब होता. तो कुणालाही नाही म्हणाला नसता. फक्त आमच्या बाबतीत मधे पत्रक होतं.

म्हणजे आम्ही इतके दिवस कुठली लाइन वेगवान हे बघत होतो. बघायला हवं होतं कुठली लाइन रस्त्यावर आहे.

मी म्हटलं त्याच्याकडे जायचं नाही. दुसरं पत्रक काढते: जिन्याखालची जागा सार्वजनिक करा. ताई शांतपणे म्हणाली, "तुझं पत्रक कमिटीपर्यंत पोचेल तोवर मी सासरी भांडी घासत असेन."  पहिल्यांदा तिनं ते तोंडानं म्हटलं होतं.

शेठच्या वायरमनकडून तिनं निरोप पाठवला. उत्तर आलं की त्या पोरींना सांग, पत्रकालाच वायर जोडा, नेट येईल. वायरमननं हे सांगताना हसू दाबलं नाही. चांगलं होतं, मी त्याच्या जागी असते तर मीही म्हटलं असतं.

ताईनं दोन दिवस काही केलं नाही. मी गल्लीत येरझाऱ्या घातल्या, नारळवाल्यानं विचारलं काय हरवलं का. तिसऱ्या दिवशी ती सकाळीच उठली, नवी साडी नेसली, केसात आबोली माळली आणि म्हणाली चल.

शेठचं ऑफिस उघडतच होतं. शटर अर्धं वर. आत त्याची आई, म्हातारी, आगरी पद्धतीचं लुगडं, तसबिरीला उदबत्ती ओवाळत होती. हे मला माहीत नव्हतं, ताईला होतं: शेठचं दुकान कितीही मोठं झालं तरी दिवा म्हातारी स्वतः येऊन लावते, आणि ती असेपर्यंत पहिली पावती फाडते.

आमची आई मासळी विकायची. बाजारात पहिल्या गिऱ्हाइकाला भवानी म्हणतात. भाव पटो न पटो, घासाघीस होईल, शिव्या होतील, पण भवानीच्या गिऱ्हाइकाला रिकामं परत पाठवत नाहीत. पाठवलं तर दिवस गेला. माझा यावर विश्वास नाही. ताईचाही आहे की नाही, मी विचारलेलं नाही. पण ती शटरखालून वाकून आत गेली आणि उदबत्तीचा धूर विरायच्या आत कनेक्शनचे पैसे गल्ल्याच्या फळीवर ठेवले.

"मावशी, भवानी करा," ती म्हणाली. "एक लाइन द्या, जिन्याखाली, कपाटाच्या बाजूला. एक टेबल टाकीन."

म्हातारीनं पैसे उचलून कपाळाला लावले. अगदी हात आपोआप गेला तसा. तेवढ्यात आतून शेठ आला. त्यानं ताईला बघितलं, मग मला, मग आईच्या हातातले पैसे.

"आई, परत दे ते. या पत्रकवाल्या."

"कंच्या वाल्या?"

"यांनी माझ्यावर पत्रक काढलंय. गावभर वाटलंय. आपल्या जाळीला चिकटवलंय."

म्हातारीनं माझ्याकडे असं बघितलं जसं बाजारात शिळ्या मासळीकडे बघतात. मग ताईकडे. "पोरी, तू कुणाची?"

ताईनं गाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं. म्हातारी म्हणाली, ती पापलेटवाली? तिनं मला कधी खराब माल नाय दिला. मग शेठकडे वळून म्हणाली, "भवानी हाय. मी कपाळाला लावली. आता मी नाय परत करायची. तुला करायची तर माझ्यामागं दुकान चालवशील तवा कर."

 तेव्हा शेठला जे खुपत होतं ते बाहेर आलं. "आणि ते पत्रक?"

मी तोंड उघडलं होतं. ताईनं मला बोलू दिलं नाही.

"पत्रक तिचं, शेठ. लाइन माझी. तिचं तिला विचारा, माझी मला द्या."

तो माझ्याकडे वळला. म्हणाला, आता मी जागा देतोय हेही लिहिशील का? मी म्हटलं लिहीन. आणि कमिटीनं ती जागा एकाच लाइनवाल्याला का दिली तेही लिहीन. ताईनं डोळे मिटून घेतले. पण म्हातारी हसली. तोंडात दात नव्हते फारसे. म्हणाली, "या धाकटीला माझ्याकडं वसुलीला ठेव रं. एक पण बुडवायचा नाय."

लाइन त्याच दिवशी जोडली. वेग विचाराल तर खालच्या लाइनच्या निम्मा असेल. ती खालची वर्षभराची बांधलेली होती, पोरांच्या प्रिंटपुरती चालू राहिली. वर, जाळीच्या आत, ताई, एक टेबल, दोन स्टुलं, आणि पडदा गल्लीकडे वळवलेला. जाणारा-येणारा वाकून बघायचा की काय भरतायत. ज्याचा अर्ज तो पडद्यावर हात धरायचा, आणि ते मला आवडायचं.

ओटीपी यायला लागला. नुसता टिंग व्हायचा आणि यायचा. ताईनं एक रीत पाडली. आकडे कुणी मोठ्यानं बोलायचे नाहीत. वाचता येवो न येवो, फोन कीबोर्डशेजारी ठेवायचा, आणि ज्याचा फोन त्यानंच आकडा बघून तसंच चिन्ह असलेलं बटण दाबायचं. वेळ लागायचा. कधी कधी मुदत संपायची, पुन्हा मागवायचा. पण एजंटकडे जे एका मिनिटात त्यांच्याशिवाय व्हायचं ते इथं चार मिनिटांत त्यांच्या बोटानं व्हायचं. ती वसतिगृहवाली बाई परत आली.  तिनं सहा बटणं दाबली, प्रत्येक दाबल्यावर ताईकडे बघत. पान उघडलं. तिनं स्टूल पुढे ओढून घेतलं.

कराराचे शेवटचे दिवस उरले आणि बाबा आले. न सांगता, सकाळच्या एसटीनं, स्वच्छ पांढरा सदरा घालून. असा सदरा ते चार माणसांत बसायला जाताना घालतात. मला कळलं कशाला आलेत ते. सासरच्यांचा निरोप असणार.

ते जाळीपाशी येऊन उभे राहिले. ताई म्हणाली बसा बाबा, एवढं करते. बसायला जागा नव्हती, दोन्ही स्टुलांवर माणसं होती आणि पलीकडे पाच-सहा उभी. बाबा उभे राहिले. एक झालं की बोलू म्हणून वाट बघत होते. एक झालं की दुसरं बसायचं. मधे त्यांनी एकदा ताईच्या जवळ जाऊन बोलायचा प्रयत्न केला, तर रांगेतली एक म्हातारी त्यांच्यावर खेकसली, "ओ, नंबरानं या. आमी काय उन्हात हवा खायला उभी हाव?" आमच्या बाबांना कोळीवाड्यात असं कुणी बोललेलं नाही. ते मुकाट्यानं मागे गेले आणि रांगेच्या शेवटी उभे राहिले. मी त्यांना चहा आणून दिला. उभ्या उभ्या प्यायले.

दुपार झाली. ताईनं त्यांच्यासाठी डबा उघडला, ते नको म्हणाले. रांगेत त्यांच्या पुढे अजून तिघं होते. त्यांनी घड्याळ बघितलं, एसटी चुकेल म्हणाले, आणि निघाले. ताईनं मान वर करून "सांभाळून जा" म्हटलं. काय सांगायला आले होते, हे तिनं विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले.  एसटीत खिडकीशी बसल्यावर ते खाली वाकून म्हणाले, "त्या लोकांना काय सांगू मी?"

माझ्याकडे भाषण तयार होतं. अकरा महिन्यांचं साठलेलं. कुणी कुणाला शब्द द्यायचा, कुणाच्या आयुष्याचा, कुणी विचारलं होतं तिला, सगळं. ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

"सांगा, पोरीनं करार वाढवलाय," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, कळलं नाही. गाडी गेली.

करार वाढवला नव्हता. मालकाला अजून विचारलंही नव्हतं. ताई म्हणत होती आठवड्याचा अंदाज घेऊ, मग बोलू. मी स्टँडवरून जवळजवळ पळतच परत आले. उरणला एसटी पोचायच्या आत हे खरं व्हायला हवं होतं. आणि मी, पुराव्याशिवाय ओळ न छापणारी, बापाला तोंडावर खोटं सांगून आले होते.

ताई एका पोराला पडद्यावर बोट ठेवून काही दाखवत होती. मी जाळीत डोकं घालून म्हटलं, मालकाला फोन लाव. आत्ता. मी बाबांना सांगितलंय करार वाढवला म्हणून.

तिनं पडद्यावरचं बोट न हलवता माझ्याकडे बघितलं. मी शिव्या खायच्या तयारीत होते.

"मला हात मोकळा नाय," ती म्हणाली. "तूच लाव. आणि त्याच्याशी भांडू नकोस. आधी भाव विचार."

तिनं आपला फोन माझ्याकडे सरकवला. मी गल्लीत उभी राहून मालकाचा नंबर लावला. रिंग जायला लागली.